दुभाषी हवा की अनुवादक?

जपानी किंवा अरबी भाषेचा ‘अनुवादक’ शोधत असल्याचे सांगणाऱ्याला पुष्कळदा प्रत्यक्षात दुभाषी हवा असतो, कारण त्याच्यापुढे कागदपत्र नसते, तर बैठक असते. ‘दुभाषी’ या शब्दाच्या अर्थाने गोंधळात भरच पडते. त्यात फक्त दोन भाषा जाणणे दिसते, आणि तेवढ्यावर हे काम भागत नाही.

अनुवादक लिखित मजकूर हाताळतो, दुभाषी बोललेला, हा फरक सर्वांना ठाऊक असतो. परंतु खरा फरक वेळेचा आहे. अनुवादकाला शब्दकोश उघडता येतो, अडलेले वाक्य बाजूला ठेवता येते आणि दुसऱ्या दिवशी ते बदलताही येते. अनुवाद सेवांच्या आयएसओ 17100 या मानकात तर अनुवाद दुसऱ्या व्यक्तीने मूळ मजकुराशी ताडून पाहणे बंधनकारक आहे. दुभाष्याला ही सवड नसते. वक्ता थांबल्यावर बोलायचे असेल, तर टिपणांच्या आधारे काही मिनिटांचे भाषण त्याला पुन्हा उभे करावे लागते. वक्ता बोलत असतानाच बोलायचे असेल, तर एक वाक्य उच्चारताना पुढचे ऐकावे लागते. या दुसऱ्या प्रकारात थकवा इतका येतो की साधारणपणे दर वीस ते तीस मिनिटांनी जोडीदार काम हाती घेतो. म्हणूनच दिवसभराच्या परिषदेसाठी एकाच व्यक्तीची मागणी करणे ही काटकसर नव्हे. नाझी नेत्यांवर 1945 मध्ये सुरू झालेल्या न्यूरेंबर्ग खटल्यात इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत एकाच वेळी कामकाज चालले, तेव्हा बोलणाऱ्याचा वेग वाढला की पिवळा दिवा लावून त्याला सावरावे लागत असे.

शोधताना विचारायचे प्रश्नही त्यामुळे वेगळे होतात. अनुवादकाला त्याची मातृभाषा विचारावी, कारण चांगला अनुवादक शक्यतो मातृभाषेतच अनुवाद करतो. शिवाय विषयाची माहिती, शब्दागणिक दर आणि तपासणी कोण करणार, हेही विचारावे. दुभाष्याचे मानधन मात्र बहुधा अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाचे असते आणि कार्यक्रमपत्रिका, भाषणे, नावांची यादी त्याला आधीच द्यावी लागते. ती न देता ऐनवेळी अचूकतेची अपेक्षा धरणारे आयोजक, माझ्या मते, आपल्याच खर्चाचे नुकसान करतात.

योगायोगाने दोन्ही व्यवसायांच्या आंतरराष्ट्रीय संघटना 1953 मध्ये पॅरिसमध्येच स्थापन झाल्या: परिषद-दुभाष्यांची ‘एआयआयसी’ आणि अनुवादकांच्या संघांचा महासंघ ‘एफआयटी’. परिषदेसाठी दुभाषी हवा असल्यास पहिल्या संघटनेच्या सदस्यसूचीत थेट व्यक्ती सापडतात, तर दुसरीच्या यादीतून त्या त्या देशातील सदस्य संघापर्यंत पोहोचता येते.

न्यायालयात किंवा सरकारी कार्यालयात सादर करण्याच्या कागदपत्रांसाठी अनेक देशांत शपथबद्ध किंवा प्रमाणित अनुवादकच लागतो. बैठकीत दुभाष्याने एखादा करार वाचून तोंडी समजावला, तरी तो त्या कागदाचा अनुवाद ठरत नाही. लेखी प्रत स्वतंत्रपणे करून घ्यावी लागते.