नाइलाज संपला, तरी साप्ताहिक चालूच राहिले

नोव्हेंबर १९५२ मध्ये न्यूयॉर्कचे ‘डेली कंपास’ हे दैनिक बंद पडले आणि अमेरिकी पत्रकार आय. एफ. स्टोन बेकार झाले. वय पंचेचाळिशीला टेकलेले, मिसरूड फुटायच्या आधीपासून पत्रकारितेत. पण तो सिनेटर मॅकार्थीचा, कम्युनिस्ट असल्याच्या नुसत्या संशयावरून माणसे गोत्यात येण्याचा काळ होता. डाव्या विचारांच्या आणि कोरियन युद्धाच्या सरकारी हकिगतीवर उघड शंका घेणाऱ्या माणसाला नोकरी द्यायला कोणी धजेना. मग त्यांनी बंद पडलेल्या दैनिकांच्या वाचकांचे पत्ते गोळा केले आणि १७ जानेवारी १९५३ रोजी वॉशिंग्टनहून ‘आय. एफ. स्टोन्स वीकली’चा पहिला अंक काढला. पाने चार, जाहिरात एकही नाही, वर्गणी वर्षाला ५ डॉलर. सुरुवातीचे वर्गणीदार सुमारे ५,३०० आणि त्यांत अल्बर्ट आइन्स्टाइनही होते. वर्गण्या, पत्रव्यवहार, हिशेब हे सगळे पत्नी एस्थर सांभाळत.

सुरुवात नाइलाजाची होती, हे उघडच आहे. पण साठच्या दशकात स्टोन यांचा दबदबा वाढला, इतर नियतकालिके त्यांच्याकडे लेख मागू लागली. तरी त्यांनी आपले साप्ताहिक सोडले नाही. का, याचे उत्तर त्यांच्या कामाच्या पद्धतीत सापडते.

त्यांना ऐकू कमी येई. पत्रकार परिषदेत बसून मंत्र्यांचे बोलणे टिपून घेण्यापेक्षा त्यांचा भर छापील कागदांवर असे. अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, समित्यांपुढच्या साक्षी, अहवाल, परिशिष्टे, वर्तमानपत्रातल्या कोपऱ्यातल्या चार ओळी, सगळे ते वाचत. सप्टेंबर १९५७ मध्ये नेवाडात जमिनीखाली अणुचाचणी झाली. टोकियो, रोमसारख्या दूरच्या ठिकाणी तिचा धक्का नोंदला गेल्याची बारीकशी बातमी त्यांनी कापून ठेवली. पुढे अणुऊर्जा आयोगाने सांगितले, की हा स्फोट दोन-अडीचशे मैलांपलीकडे कळलाच नाही. असा स्फोट दुरून कळत नसेल, तर चाचणीबंदीचा करार पाळला जातो की नाही हे तपासणार कसे? म्हणजे करारच निरर्थक, असा त्याचा रोख. स्टोन यांनी कात्रण शोधले आणि थेट भूकंपाच्या नोंदी ठेवणारे सरकारी खाते गाठले. तिथल्या नोंदींत दोन हजार मैलांहून दूरचे अलास्काही होते. आयोगाला आपले निवेदन दुरुस्त करावे लागले.

व्हिएतनामच्या वेळीही तेच. १९६५ मध्ये अमेरिकी सरकारने श्वेतपत्रिका काढून दक्षिणेतले बंड उत्तरेतून येणाऱ्या शस्त्रांवर पोसले जाते, असे मांडले. स्टोन सरळ परिशिष्टाकडे वळले. कम्युनिस्ट देशांत बनलेली म्हणून तिथे नोंदलेली शस्त्रे अवघी १७९! पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याने, दिलेल्या एकूण जप्तीच्या आकड्याशी ताडले, तर हे प्रमाण अडीच टक्केही भरत नव्हते.

एक कात्रण महिनोन्‌महिने सांभाळायचे, मग अंकातली निम्मी जागा एका परिशिष्टाला द्यायची, ही मुभा कुठल्या दैनिकात मिळाली असती? ती मुभा हेच स्टोन यांच्या चिकाटीचे खरे कारण, असे मला ठामपणे वाटते. आपल्याकडे माजी आयसीएस अधिकारी ए. डी. गोरवाला यांनी १९६० पासून मुंबईहून चालवलेले ‘ओपिनियन’ हे साप्ताहिक याच जातकुळीचे.

अर्थात मालक नसला तरी वर्गणीदार असतोच, आणि त्यालाही राग येतो. १९५६ मध्ये सोव्हिएत दौरा करून आल्यावर स्टोन यांनी लिहिले, की तिथला समाज चांगला नाही आणि त्याचे पुढारी प्रामाणिक नाहीत. त्यांचा वाचक बहुतांशी डावा. शेकडो जणांनी वर्गणी तोडली. पाच-सहा हजारांच्या पसाऱ्यात हा फटका लहान नव्हता, तरी त्यांनी शब्द मागे घेतला नाही. मला हा प्रसंग अणुचाचणीच्या बातमीपेक्षाही मोठा वाटतो. सरकारविरुद्ध लिहिताना आपला वाचक पाठीशी असतो. इथे तोच समोर उभा होता.

पुढे वाचक वाढत गेले. व्हिएतनाम युद्धाने खप सुमारे ७०,००० वर नेला, वर्गणी मात्र ५ डॉलरच राहिली. शेवटच्या काही वर्षांत हृदयविकारामुळे साप्ताहिकाचे पाक्षिक करावे लागले आणि डिसेंबर १९७१ मध्ये ते थांबले. त्यानंतर स्टोन प्राचीन ग्रीक शिकायला बसले, कारण सॉक्रेटिसवरच्या खटल्याचे कागद त्यांना मुळातून वाचायचे होते.