दुष्काळानंतरची झाडे: बियांकडून पिशवीकडे, आणि परत

दुष्काळ सरला की वृक्षलागवडीची मोहीम निघते, आणि मोहीम म्हटली की काळ्या पिशवीतली रोपे आलीच. झाड थेट जमिनीत बी टोकूनही वाढते, हे आता मुद्दाम सांगावे लागते. एकोणिसाव्या शतकात ते सांगावे लागत नव्हते. १८५६ नंतर ब्रह्मदेशात डीट्रिश ब्रँडिस या जर्मन वनाधिकाऱ्याने करेन या डोंगरी जमातीच्या शेतकऱ्यांना हाताशी धरून सागाची लागवड केली, ती त्यांच्या भातशेतात बी टोकूनच. कोरडवाहू मुलखात बाभळीचे बी शेळ्यामेंढ्यांच्या वाड्यातून मिळे. शेंगा खाल्लेल्या जनावराच्या पोटातून गेले की बियांचे टणक कवच मऊ पडते आणि उगवण सुधारते.

दुष्काळावर उपाय म्हणून सरकारी झाडे मोठ्या प्रमाणात लागली ती अमेरिकेत. धुळीच्या वादळांनी मैदाने उजाड झाल्यावर १९३४ मध्ये रूझवेल्ट सरकारने नॉर्थ डकोटापासून टेक्सासपर्यंत वाराअडव्या झाडांचे पट्टे हाती घेतले. १९४२ पर्यंत सुमारे २२ कोटी झाडे लागली. ती रोपवाटिकेतलीच होती, पण बी शक्यतो कोरड्या हवेला सरावलेल्या स्थानिक झाडांचे घेतले जाई. पुढच्या मोहिमांनी रोपवाटिका उचलली, बियांची ही काळजी मात्र बऱ्याचदा मागे राहिली.

पॉलिथिनची पिशवी आल्यावर रोप मोजता येऊ लागले, ट्रकमध्ये भरता येऊ लागले, अहवालात लिहिता येऊ लागले. माझ्या मते पिशवीचे खरे यश हेच. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळानंतरची दिशाही तीच: १९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने सामाजिक वनीकरणाचा पुरस्कार केला, १९८२ मध्ये महाराष्ट्रात त्याचे स्वतंत्र खाते झाले, आणि निलगिरी-सुबाभूळ गावोगाव पोचली. पण पिशवीत जास्त दिवस राहिलेल्या रोपाचे सोटमूळ तळाशी वेटोळे घालते. जागेवर उगवलेल्या बाभळीचे मूळ मात्र शेंड्याच्या आधी ओल शोधत खाली धावते. पुढचा पाऊस लांबला की फरक कळतो.

आफ्रिकेत हा हिशेब आधी उलटला. केनियात १९७७ पासून पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई यांनी गावच्या बायकांना आसपासच्या झाडांचे बी गोळा करून रोपे वाढवायला लावले. मोबदला जगलेल्या रोपाला, लावलेल्या नव्हे. १९६८-७३ च्या दुष्काळाने पोळलेल्या नायजरमध्ये लावलेली झाडे मरत असताना तिथे काम करणारे ऑस्ट्रेलियन टोनी रिनाउडो यांना १९८३ मध्ये शेतातल्या जिवंत खुंटांकडे लक्ष द्यावेसे वाटले. खुंटांचे फुटवे आणि आपसूक उगवलेली झाडे राखून तिथे सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडे परत आली.

अर्थात बी सोडून दिले की ते आपले ऐकतेच असे नाही. १८७७ मध्ये भारतात आलेली वेडी बाभूळ कच्छचे रण रोखायला म्हणून १९६०च्या सुमारास लावली. गुरांनी तिच्या शेंगा खाऊन बी शेणातून पसरवले आणि कच्छमधले बन्नीचे गवताळ रान तिने व्यापले.

हल्ली बीजगोळ्यांची, म्हणजे मातीत बी घालून केलेले गोळे फेकण्याची हौस आहे. जपानी शेतकरी मासानोबू फुकुओका यांच्या मातीच्या गोळ्यांनी ती रुजवली. पण कडुनिंबाचे बी झाडावरून पडल्यावर थोड्याच आठवड्यांत मरते, त्यामुळे मागच्या वर्षीच्या बियांचे गोळे उन्हाळाभर ठेवून पावसाळ्यात फेकण्यात काही हशील नाही. शिवाय दुष्काळात चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी आधी तुटतात ती गावातली जुनी, बी देणारी झाडेच. मग बी दूरवरून, मिळेल त्या झाडांचे येते.