कोणती हिजरी तारीख?

हिजरी १४४५चा रमजान सौदी अरेबियात ११ मार्च २०२४ला सुरू झाला, भारत आणि पाकिस्तानात १२ मार्चला. तारीख एकच, १ रमजान, दिवस दोन. आणि दोन्ही बरोबर! माणसांना यात नवल वाटत नाही. प्रोग्राम लिहिणारा मात्र अडतो, कारण हिजरी तारखेची ग्रेगोरियन (नेहमीची इंग्रजी) तारीख काढून देणाऱ्या फंक्शनकडून, म्हणजे प्रोग्रामच्या तुकड्याकडून, त्याला एकच उत्तर हवं असतं.

हिजरी कालगणना निव्वळ चांद्र आहे. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३०५९ दिवस लागतात, म्हणून महिना कधी २९ दिवसांचा, कधी ३०चा. बारा महिन्यांचं वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांत संपतं. ऋतूंशी मेळ घालायला अधिक मास नाही, त्यामुळे हे वर्ष दरवेळी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतं. २००० साली रमजान ईद दोनदा आली, जानेवारीत आणि डिसेंबरात. २०३०मध्ये रमजान महिनाच दोनदा सुरू होणार आहे. 'या वर्षाची ईद' म्हणून एकच तारीख परत देणारं फंक्शन तिथे तोंडावर पडेल.

शोधाशोध केली की बहुतेकांच्या हाती आधी लागतं ते गणिती कॅलेंडर. मध्ययुगातल्या मुस्लिम खगोलज्ञांनी आपल्या कोष्टकांसाठी वापरलेली ही पद्धत दिसायला फार सुबक आहे. विषम महिने ३० दिवसांचे, सम महिने २९चे. दर ३० वर्षांच्या चक्रात ११ लीप वर्षं, आणि त्या वर्षी शेवटच्या जिल्हेज महिन्याला एक दिवस जादा. चक्राचे एकूण दिवस १०,६३१. त्याला ३६० महिन्यांनी भागलं तर महिन्याची सरासरी निघते २९.५३०५६. चंद्राच्या खऱ्या सरासरीपासून एक दिवस ढळायला सुमारे अडीच हजार वर्षं लागतील.

हिशेब करूनच पाहू. १ रमजान १४४५च्या आधी पूर्ण वर्षं झाली १४४४. त्यांचे ३५४ प्रमाणे ५,११,१७६ दिवस. त्यांत ४८ चक्रं पूर्ण, म्हणजे ५२८ लीप दिवस. उरलेल्या चार वर्षांत आणखी एक. चालू वर्षाचे आधीचे आठ महिने म्हणजे २३६ दिवस. बेरीज ५,११,९४१. आरंभदिन आहे १६ जुलै ६२२ (ग्रेगोरियनच्या आधीच्या ज्युलियन कॅलेंडरनुसार). तिथून एवढे दिवस मोजले की आपण पोहोचतो ११ मार्च २०२४ला. सौदीशी तंतोतंत जुळलं!

इथे थांबलं तर फसगत होते. त्याच सूत्राने पुढचं वर्ष काढा. १४४५ हे चक्रातलं पाचवं, म्हणजे लीप वर्ष, ३५५ दिवसांचं. त्यामुळे १ मोहरम १४४६ येतो ८ जुलै २०२४ला. सौदीत तो ७ जुलैला झाला, कारण तिथे १४४५ हे वर्ष ३५४ दिवसांतच संपलं. भारतात मात्र मोहरम ८ जुलैलाच सुरू झाला. म्हणजे चार महिन्यांपूर्वी जे सूत्र सौदीशी जुळत होतं, ते आता भारताशी जुळतं. एखाद-दुसरी तारीख ताडून 'सूत्र चालतंय' म्हणणाऱ्या चाचण्या इथे काहीच सिद्ध करत नाहीत.

मुळात सूत्र सरासरी चंद्र मोजतं, तर महिना ठरतो नवी चंद्रकोर दिसण्यावरून. अमावास्येच्या क्षणानंतर कोर लगेच दिसत नाही. चंद्र सूर्यापासून पुरेसा दूर आणि सूर्यास्तावेळी क्षितिजाच्या पुरेसा वर असावा लागतो. तेही ठिकाणागणिक बदलतं. पश्चिमेकडच्या देशात सूर्यास्त उशिरा होतो, तोवर चंद्र आणखी पुढे गेलेला असतो. कुठे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिल्याची साक्ष लागते, कुठे खगोलगणित पुरतं. मलेशिया, इंडोनेशिया, ब्रुनेई आणि सिंगापूर यांनी उंची किमान ३ अंश आणि सूर्यापासूनचं अंतर किमान ६.४ अंश असा निकष ठेवला आहे. आणि साक्षच हवी असेल, तर ढगांचं सूत्र कोण लिहिणार?

सौदीचं प्रशासकीय कॅलेंडर म्हणजे उम्म अल-कुरा. त्याचा नियम १४२३ हिजरीपासून (२००२) असा: मक्केत सूर्यास्ताआधी अमावास्येचा क्षण होऊन गेला असेल आणि चंद्र सूर्यानंतर मावळत असेल, तर दुसऱ्या दिवसापासून नवा महिना. त्याआधी नियम वेगळे होते. म्हणून लायब्ररींमध्ये (प्रोग्रामरना मिळणाऱ्या तयार कोडच्या संचांमध्ये) उम्म अल-कुराचं सूत्र नसतं, तयार तक्ता असतो: कोणता महिना २९चा, कोणता ३०चा. तक्त्याला शेवट असतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या प्रोग्रामिंग प्रणालीतला तक्ता १९०० ते २०७७ या काळापुरता आहे, जावा या प्रोग्रामिंग भाषेतला १३०० ते १६०० हिजरीपर्यंतचा. २०७७च्या पलीकडची तारीख मागितली की डॉट नेट सरळ एरर देतं. गुपचूप चुकीचं उत्तर देण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

गणिती कॅलेंडरही एकच नाही. कोणी आरंभदिन १६ जुलै धरतं, कोणी १५. कोणी चक्रातलं १६वं वर्ष लीप मानतं, कोणी १५वं. मायक्रोसॉफ्टची 'कुवेती अल्गोरिदम' नावाने भाव खाऊन गेलेली पद्धतही अखेर हेच जुनं कोष्टक. डॉट नेटच्या हिजरी कॅलेंडरमध्ये तर उणे दोन ते अधिक दोन दिवसांची 'दुरुस्ती' करायची सोयच दिली आहे. मला ही सोय प्रामाणिक वाटते, पण धोक्याचीही: एका सर्व्हरवर दुरुस्ती शून्य आणि दुसऱ्यावर एक असेल, तर त्याच डेटाची दोन उत्तरं येतील.

घोटाळ्याची आणखी एक जागा म्हणजे तारखा साठवणं. हिजरी तारीख जशीच्या तशी डेटाबेसच्या नेहमीच्या तारीख-रकान्यात टाकली, तर बहुतेक दिवस काही बिघडत नाही. मग ३० सफर उजाडतो. सफर दुसरा महिना. डेटाबेसच्या दृष्टीने ही ३० फेब्रुवारी, सबब नामंजूर. उलट प्रकारही घडतो. सौदी अरबी लोकेल (देश-भाषेची सेटिंग) लावलेल्या मशीनवर डॉट नेट तारखेचा मजकूर आपोआप हिजरीत लिहितं. तो मजकूर दुसऱ्या प्रोग्रामने ग्रेगोरियन समजून वाचला की आजचं बिल थेट पंधराव्या शतकात जातं. मशीनसाठीचा मजकूर लिहिताना लोकेल स्पष्ट सांगितलं की हे टळतं.

माझ्या मते घडून गेलेल्या घटनेचा दिवस साधा ग्रेगोरियन ठेवावा आणि हिजरी फक्त दाखवताना काढावी. पण करारात '१ शव्वाल १४५०ला रक्कम देय' असं लिहिलं असेल, तर ते वाक्यच मूळ नोंद आहे. ते दिवस, महिना, वर्ष असं सुटं ठेवावं, सोबत कोणत्या देशाचं किंवा पद्धतीचं कॅलेंडर तेही. त्यातून निघालेली ग्रेगोरियन तारीख म्हणजे तूर्तास अंदाज; महिना जाहीर झाला की ती पुन्हा काढायची. आणि हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, लायब्ररी मात्र मध्यरात्र ते मध्यरात्र मोजतात. रात्री आठला जन्मलेल्या बाळाची हिजरी जन्मतारीख हवी असेल, तर त्या गावाचा सूर्यास्तही प्रोग्रामला माहीत हवा.