जुना खासरा कोर्टात मागवायचा असेल तर

मराठवाड्यातल्या जमिनीच्या दाव्यात 1954-55 च्या खासरा पत्रकाचा (जमीन कोणाची, कोण कसतं याच्या जुन्या सरकारी नोंदीचा) विषय कधी ना कधी निघतोच. मग अशील वकिलाला म्हणतो, "साहेब, तहसीलचं रेकॉर्ड कोर्टाकडूनच मागवा की." मागवता येतं, पण आधी नकलेचा अर्ज करा.

सरकारी रेकॉर्डची प्रमाणित नक्कल पुराव्यात चालते. मूळ रजिस्टर बहुधा लागतच नाही. निजामकाळातला कागद उर्दूत असेल तर मराठी भाषांतर जोडा. अर्जाची पोच जपा. "संचिका आढळून येत नाही" हे उत्तर तोंडी ऐकून परत फिरू नका, लेखी घ्या. रेकॉर्ड मागवण्याच्या कोर्टातल्या अर्जाला त्याच कागदाने वजन येतं.

तो अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 16 खाली. वादी करू शकतो, प्रतिवादीही. कोर्टाने वादाचे मुद्दे ठरवल्यापासून 15 दिवसांत साक्षीदारांची यादी द्यायची असते. त्यानंतर आलात तर उशिराचं सबळ कारण द्यावं लागतं. अर्जात गाव, तालुका, गट नंबर, जुना सर्व्हे नंबर, वर्ष, कागद कोणत्या कार्यालयात आहे आणि कोणत्या मुद्द्यासाठी हवा, हे सगळं लिहा. "सदर जमिनीचे सर्व जुने रेकॉर्ड मागवावे" असं मोघम लिहिलंत की समोरच्या वकिलाला आयती हरकत मिळते. समन्सचा खर्च आणि भत्ता कोर्टात भरावा लागतो.

कागद समोरच्या पक्षकाराकडेच असेल तर आदेश 11 नियम 14. दुसऱ्या कोर्टाच्या संचिकेसाठी आदेश 13 नियम 10, सोबत शपथपत्र. बँक दाव्यात पक्षकार नसेल तर खातेवहीचा प्रमाणित उताराच चालतो. बँकेच्या वह्यांच्या पुराव्याबद्दलच्या 1891 च्या कायद्याने विशेष कारणाशिवाय मूळ वही मागवता येत नाही. फौजदारी प्रकरणात कागद मागवायला 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 94 लागू आहे.

आणि बेलिफ समन्स घेऊन तुमच्याच दारात आला तर? घाबरू नका, नीट वाचा. फक्त कागद मागितला असेल तर तो दुसऱ्या कोणाच्या हाती कोर्टात हजर केला तरी भागतं. साक्षही मागितली असेल तर मात्र स्वतः जावं लागतं. कागद दाखवायला हरकत असली तरी तो घेऊनच जायचं. हरकत न्यायाधीश ठरवतात. समन्स खिशात घालून गप्प बसलात तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 32 खाली वॉरंट, मालमत्तेची जप्ती किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.