तैलरंगाची माध्यमे : घरगुती निर्मिती

तैलरंगाचा दाटपणा, वाळण्याचा वेग, पारदर्शकता किंवा चकाकी बदलण्यासाठी त्यात रंगवतेवेळी जे द्रव मिसळतात, त्याला माध्यम म्हणतात. तयार माध्यमे बाजारात मिळतात. परंतु जवसाचे तेल, टर्पेंटाइन आणि क्वचित राळ एवढ्या मोजक्या द्रव्यांतून ती घरीही करता येतात. बाटलीत नेमके काय आहे हे चित्रकाराला ठाऊक असणे, हा घरगुती कृतीचा सर्वांत मोठा लाभ होय.

या सर्व कृतींचा पाया म्हणजे वाळणारे तेल. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही; त्यातली असंतृप्त मेदाम्ले हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांत गुंफली जातात आणि त्यांचा चिवट पापुद्रा बनतो, म्हणूनच वाळताना तेलाचे वजन सुरुवातीला चक्क वाढते. तेलाची ही क्षमता आयोडीन मूल्यावरून, म्हणजे त्यातल्या असंतृप्ततेच्या मापावरून, समजते : जवसाचे मूल्य साधारण १७० ते २००, तर खोबरेलाचे १० च्या आसपास असते, त्यामुळे खोबरेल कितीही दिवस उघडे ठेवले तरी त्याचा पापुद्रा होत नाही. अक्रोड, खसखस आणि करडई यांची तेलेही वाळतात. ती कमी पिवळी पडत असल्याने पांढऱ्या रंगासाठी पसंत केली जातात, मात्र वाळायला वेळ घेतात. विदर्भात जवस, सोलापूर-मराठवाड्यात करडई ही जुनी पिके असल्याने महाराष्ट्रातील चित्रकाराला कच्चा माल दूर शोधावा लागत नाही. खाण्याच्या बाटलीबंद तेलात ते खवट होऊ नये म्हणून काही द्रव्ये घातलेली असू शकतात आणि ती वाळणेही रोखतात. त्यापेक्षा घाण्यावरचे ताजे, थंड दाबाचे तेल घ्यावे. रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळणारे उकळलेले तेल दारे-खिडक्यांसाठी असते. त्यात धातूंचे शुष्कक (तेल लवकर वाळवणारी द्रव्ये) असतात आणि ते लवकर काळवंडते, म्हणून चित्रासाठी ते टाळावे.

घाण्यावरच्या तेलात जवसाचा बुळबुळीत चिक उतरलेला असतो व तो काढण्यासाठी तेल धुवावे लागते. साऱ्या प्रक्रियेत हे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि घाईमुळे बहुधा तेच टाळले जाते. काचेच्या बरणीत तेल, त्याच्या दुप्पट पाणी, मूठभर स्वच्छ धुतलेली वाळू आणि चमचाभर मीठ घालून बरणी जोराने हलवतात व मिश्रण निवळू देतात. दिवसभरात वर तेल, खाली पाणी आणि दोहोंच्या मध्ये फाटलेल्या दुधासारखा पांढुरका थर दिसू लागतो. हाच तो चिक. हा थर दिसेनासा होईपर्यंत पाणी बदलून धुणे चालू ठेवावे. शेवटी बरणीऐवजी प्लास्टिकच्या डब्यात मिश्रण ओतून डबा फ्रीझरमध्ये ठेवला, तर पाण्याचा बर्फ होतो आणि द्रवच राहिलेले तेल वरून अलगद ओतून घेता येते.

धुतलेले तेल उन्हात ठेवले की त्याचा रंग उडतो आणि ते दाटही होते. पंधराव्या शतकाच्या सुमारास इटलीतील चित्रकार चेन्निनो चेन्निनी याने सूर्य सिंह राशीत असताना तेल उन्हात ठेवण्यास सांगितले होते. आपल्याकडे पापड-कुरड्यांच्या वाळवणाचे दिवस त्यासाठी योग्य. पसरट काचपात्रात अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर ओतून वर काच ठेवतात, पण हवा खेळावी म्हणून ती चार लाकडी चकत्यांवर टेकवतात. साय धरू नये म्हणून तेल रोज ढवळावे लागते. मधासारखी धार पडू लागली की तेल तयार झाले. असे तेल लवकर वाळते आणि त्यात कुंचल्याचे ओरखडे मिटून पृष्ठभाग सपाट होतो. ‘स्टँड ऑइल’ नावाचे दाट तेल मात्र हवेविना सुमारे ३०० अंश सेल्सिअसला तापवून करतात. ते घरी कधीही करू नये. मुरदाडशिंग (शिशाचे ऑक्साइड) घालून तेल शिजवण्याच्या जुन्या कृतीही शिशाच्या विषारीपणामुळे वर्ज्य मानाव्यात.

राळेचे रोगण करायचे झाल्यास डॅमर ही आग्नेय आशियातील वृक्षांची राळ मलमलच्या पुरचुंडीत बांधून टर्पेंटाइनमध्ये लोंबकळत ठेवतात. एक-दोन दिवसांत राळ विरघळते, तर साल आणि किड्यांचे पंख फडक्यात उरतात. टर्पेंटाइन पाइनच्या चिकापासून काढलेलेच हवे, कारण हार्डवेअरच्या दुकानातील पेट्रोलियमजन्य टर्पेंटाइनमध्ये डॅमर नीट विरघळत नाही. एक भाग विकतचे स्टँड ऑइल, एक भाग डॅमर रोगण व पाच भाग टर्पेंटाइन हे प्रमाण बरेच रूढ आहे. तरीही राळ जपूनच वापरलेली बरी : ती कालांतराने पिवळी व ठिसूळ होते, आणि पुढे चित्र स्वच्छ करणाऱ्या द्रावकात रंगाचा थरही सुटण्याचा धोका राहतो. इंग्लंडमधील जोशुआ रेनल्ड्स (१७२३–१७९२) यांनी मॅस्टिक राळ, मेण आणि डांबर यांसारखी द्रव्ये रंगात मिसळली. त्यांची अनेक व्यक्तिचित्रे त्यामुळे तडकली व काळवंडली. बहुतेक कामाला धुतलेले तेल आणि थोडे टर्पेंटाइन पुरते. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ केलेले आणि वरचे अधिक तेलाचे ठेवावेत, अन्यथा खालचा थर वाळत राहून वरच्याला तडे जातात. नवे मिश्रण चित्राला लावण्यापूर्वी काचेच्या तुकड्यावर पसरून, तारीख टाकून, वाळण्याचा वेग पाहावा.

तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून टोपलीत टाकल्यास ऑक्सिडीकरणाची उष्णता आत कोंडते आणि ठिणगीविना आग लागू शकते. ती मोकळ्या हवेत सुटी पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकावीत. टर्पेंटाइन हाताळताना खिडक्या उघड्या असाव्यात. तयार तेल काठोकाठ भरलेल्या बाटलीत टिकते. बाटली रिकामी होत जाईल तसतशा तिच्यात धुऊन कोरड्या केलेल्या काचेच्या गोट्या टाकून तेलाची पातळी वर आणतात, म्हणजे आत हवा उरत नाही आणि साय धरत नाही.