शेतात 10 टक्के गवत

परवा व्हॉट्सअ‍ॅपवर एका बाटलीची जाहिरात फिरत होती: एकरी एक लिटर शेतात सोडा, मेलेली जमीन जिवंत! बाटलीत काय आहे, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. मला आयोवातलं गवत आठवलं. त्यात गुपित काहीच नाही.

अमेरिकेतलं हे राज्य एकेकाळी बहुतांश प्रेअरी होतं, म्हणजे पुरुषभर उंच गवताचं माळरान. नांगरानं त्यातला हजारातला एक हिस्साही शिल्लक ठेवला नाही. आता नजर जाईल तिथं मका आणि सोयाबीन. 2007 मध्ये आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी उताराच्या काही शेतांत 10 टक्के जागेवर जुन्या गवताफुलांचे पट्टे पेरले. जिथून 20 टोपल्या माती वाहून जायची, तिथून एकच जाऊ लागली.

एवढ्याशा गवतानं हे कसं साधलं? खरी मेख पाण्याच्या वेगात आहे. मातीच्या दाण्याला ढकलणारा जोर वेगाच्या वर्गावर आणि दाण्याच्या क्षेत्रफळावर अवलंबून, तर दाण्याचं वजन व्यासाच्या घनावर. दोन्ही समान मांडा. हलवता येणारा व्यास वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून वजन वेगाच्या सहाव्या घाताप्रमाणे! वेग निम्मा झाला, तर जेमतेम हलणारा दाणा 64 पट हलका हवा. (चिकणमातीला हा हिशेब लागू नाही, तिचे कण एकमेकांना धरून असतात.) म्हणून गवत कुठलं, याला महत्त्व. मऊ गवत मुसळधार पावसात लोळतं आणि पाणी त्याच्यावरून निघून जातं. प्रेअरीतलं बिग ब्लूस्टेम हे गवत ज्वारी-वाळ्याच्या गोतातलं, ताठ कांडीचं. पाणी त्याला अडतं, पट्ट्याच्या वरच्या अंगाला तुंबतं आणि गाळ तिथंच टाकतं. जमिनीखालच्या निचऱ्याच्या पाइपांतून पळणारं नायट्रेट (पाण्यात विरघळलेलं नत्र) मात्र या पट्ट्याला भेटतच नाही.

मग सगळे का पेरत नाहीत? आयोवातली निम्म्याहून जास्त शेतजमीन खंडानं कसली जाते. गवताचा जम बसायला तीनेक वर्षं लागतात आणि खंड अनेकदा वर्षाच्या बोलीवर. 2018 च्या कृषी कायद्यानं या पट्ट्यांसाठी सरकारी भाडं देऊ केलं, पण त्याचा करार 10 ते 15 वर्षांचा. शिवाय फवारणीयंत्राच्या रुंदीशी पट्ट्यांमधलं अंतर जुळलं नाही, तर प्रत्येक फेरीला खोळंबा. पहिल्या वर्षी तर पट्ट्यात नुसतं तणच दिसतं, आणि ओळी सरळ असण्यावर शेतकऱ्याची पत ठरणाऱ्या गावात ते जमीनमालकाला रस्त्यावरूनच दिसतं.