एक्स-रे चांगला, तरी ढास थांबेना

मोठ्या माणसाचा खोकला ८ आठवड्यांहून जास्त टिकला की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. आपल्याकडे मात्र इतके दिवस थांबून चालत नाही. २ आठवडे खोकला राहिला की आधी क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. दुकानातून एकामागून एक बाटल्या आणण्याच्या नादात नेमकं हेच राहून जातं.

थुंकी आणि एक्स-रे दोन्हींत काही सापडलं नाही, की खरी शोधाशोध सुरू होते. छातीत काही नाही, मग खोकला येतो कुठून? मेंदूपासून निघणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूच्या शाखा स्वरयंत्र, श्वासनलिका, अन्ननलिका इथे पोहोचतात. एक बारीक फाटा कानाच्या नळीतही जातो. काहींना कान कोरताना ठसका लागतो तो यामुळेच. म्हणून धाप न लागता नुसता खोकला आणणारा दमा, नाकामागून घशात उतरणारा स्राव आणि पोटातून वर येणारं आम्ल यांचा खोकला ऐकून वेगळा ओळखता येत नाही. एकेका कारणावर काही आठवडे उपचार करून पाहावे लागतात, आणि तेवढा धीर धरण्याआधीच बरेच रुग्ण डॉक्टर बदलतात. छातीत जळजळ नसताना महिनोन्‌महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेण्यात मात्र फारसा अर्थ नाही.

रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांना जरूर दाखवा. रामिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला होतो, कधी सुरू केल्यावर कित्येक महिन्यांनी. डॉक्टरांनी गोळी बदलली की तो बहुधा १ ते ४ आठवड्यांत जातो. मनाने मात्र ती बंद करू नका.

एवढं करूनही काहींना कारण सापडतच नाही. त्यांच्या घशातल्या मज्जातंतूंची संवेदनाच वाढलेली असते. फोडणी, अगरबत्ती, गार वारा, अगदी हसणं-बोलणंही उबळ यायला पुरतं. काही बायकांना खोकताना लघवी होते, आणि लाजेने त्या ते सांगत नाहीत. तपासणीत दिसत नाही म्हणून अशा माणसाला 'मनाचे खेळ' म्हणणं अन्यायाचं आहे.

या मज्जातंतूंवरचा पी-टू-एक्स-थ्री हा ग्राही (चेतना टिपणारा रेणू) रोखणारं गेफापिक्संट हे औषध जपानने २०२२ मध्ये, युरोपने २०२३ मध्ये मंजूर केलं. अमेरिकेने नाकारलं, फायदा पुरेसा वाटला नाही. शिवाय अनेकांच्या तोंडाची चव जाते. वाचा-उपचार तज्ज्ञांकडे उबळ येताच गिळणं, नाकाने सावकाश श्वास घेणं शिकवतात. त्याने खोकला कमी झाल्याचं चाचण्यांत दिसलं आहे, तरी आपल्याकडे हा उपाय फार थोड्या रुग्णांना सुचवला जातो.